वाढणाऱ्याचं पान

यशवंतपूर, बेंगळूर
१२ ऑगस्ट १९९८

चि. मनस्विनीस,

आशीर्वाद. तो द्यावा लागतो म्हणून दिला. तुझ्या आईचा मी मावसभाऊ, नातं काही मोडता येत नाही. टेलिफोन कारखान्यातली पक्की नोकरी मी चार साहेबांचे उंबरे झिजवून तुला लावून दिली. ती सोडून तू व्हाइटफील्डच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या काचेच्या डब्यात जाऊन बसलीस, त्याच दिवशी मी तुझ्या मामीसमोर, सत्यवतीसमोर शपथ घेतली, या पोरीशी पुन्हा बोलणार नाही. लिहिणार नाही अशी शपथ घेतली नव्हती. म्हणून हे पत्र.

काल आमच्या रक्तपेढीचे सेक्रेटरी गुंडूराव दात काढत माझ्या टेबलाशी आले. म्हणे, "जयतीर्थराव, तुमची भाची हुशार आहे. तुम्ही ऑपरेशनला जायच्या आत तिच्याकडून आपला सर्व्हर लिहून घेऊ या." लिहून घेऊ या! या माणसाला सर्व्हर कुठला आणि त्याच्याखालचं टेबल कुठलं, ते बोटाने दाखवावं लागतं. आणि हा मला सांगणार!

कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हापासून ते यंत्र मी सांभाळतोय. लिनक्स मी बसवलं, रक्तदात्यांचा डेटाबेस मी उभा केला. काउंटरवरच्या सुनंदाबाईंनी रक्तगट टाकला की दात्यांची नावं आणि फोन नंबर समोर येतात, ते माझ्यामुळे. वीज गेली, डिस्क भरली, काहीही झालं तरी मी खुर्ची ओढतो आणि हाताने ठीक करतो. सगळं माझ्या डोक्यात आहे. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, डोक्याच्या नाही.

तेव्हा तुझं शहाणपण तुझ्या साहेबांसाठी ठेव. इथे त्याची गरज नाही.

जयतीर्थमामा


व्हाइटफील्ड
१९ ऑगस्ट

जयतीर्थमामांना नमस्कार. मी तो मनापासून करते, तुमच्या आशीर्वादासारखा नाइलाजाने नाही.

सगळं तुमच्या डोक्यात आहे हे वाचून आनंद झाला. दसऱ्यानंतर डॉक्टर त्याच डोक्याला भूल देणार आहेत. तेवढा वेळ सुनंदाबाईंनी काय करायचं? तुमच्या कानाला लागून पासवर्ड विचारायचा?

मला काय करायचंय ते गुंडूरावकाकांना समजलं नाही, त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. तुम्हाला तरी समजावं. आज तुमची पद्धत अशी: आधी ही आज्ञा द्यायची, मग ती, मग ते चालू करायचं, मग हे बंद. मध्ये एखादी पायरी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझी पद्धत वेगळी आहे. काय काय करायचं ते लिहायचंच नाही. यंत्र शेवटी कसं असायला हवं, तेवढंच एका फाइलमध्ये लिहायचं. डेटाबेस चालू असावा. काउंटरच्या संगणकाला आत येता यावं, बाकी कोणाला नाही. रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. अमुक माणसांची नावं असावीत. मग एक प्रोग्रॅम रोज सकाळी, आणि यंत्र सुरू होतानाही, फाइल आणि यंत्र ताडून बघतो. नसेल ते करतो. असेल त्याला हात लावत नाही. जास्तीचं काढून टाकतो.

अजून नाही कळलं? मामी पान वाढतात ते आठवा. डाव्या बाजूला वर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात. कोण वाढतंय, कोणत्या क्रमाने वाढतंय, याने काय फरक पडतो? पान कसं दिसायला हवं ते ठाऊक असलं की झालं. नवी सूनसुद्धा पानाकडे बघते आणि जे नाही ते वाढते. तुमच्या यंत्राचं पान मला लिहून हवंय, एवढंच.

मनस्विनी


यशवंतपूर
३० ऑगस्ट

चि. मनस्विनीस आशीर्वाद, जेवढा शिल्लक आहे तेवढा.

अय्यो, काय अकलेचे तारे तोडलेस! "जास्तीचं काढून टाकतो"! वाढलेल्या पानातलं कोणी काढतं का गं? आईने हेच शिकवलं का? एखाद्या पानात जास्त पापड पडला तर तो जेवणाऱ्याचा असतो. तुझ्या त्या प्रोग्रॅमला ना पापड कळतो ना जेवणारा.

आणि तुझ्यासारखे दीडशहाणे मी कारखान्यात खंडीभर पाहिलेत. कागदावर सगळं गोंडस लिहायचं, आणि यंत्र बंद पडलं की "जयतीर्थला बोलवा". दर वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, इथे काय होतं ते तुला माहीत नाही. सर्व्हर बंद करून त्याला हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, दारात कोहळा फोडतात, चुरमुऱ्यांची कडलेपुरी वाटतात. दुसऱ्या दिवशी मी येतो, स्नान करून, मडीत, सोवळ्यातच म्हण ना. एकेक आज्ञा देत त्याला उठवतो. सगळी रक्तपेढी मागे उभी असते. सुनंदाबाई कॉफी आणून ठेवतात. आणि पडद्यावर दात्यांची यादी आली की गुंडूरावसुद्धा टाळ्या वाजवतात. हे तुझी फाइल करणार? त्या फाइलला कोण कॉफी देणार?

असो. कमिटीने ठराव केलाय, म्हणजे माझ्या डोक्यावर मिरे वाटायचेच ठरलंय. येत्या रविवारी ये. काय ते दाखव. मी बोलणार नाही.

ज. मामा


व्हाइटफील्ड
१४ सप्टेंबर

मामा, नमस्कार.

रविवारी आले, बघून गेले. तुम्ही शपथ पाळलीत, अगदी कडक. "सुनंदाबाई, त्या बाईंना सांगा, की-बोर्डला हात लावायच्या आधी हात पुसायचे." "सुनंदाबाई, त्या बाईंना विचारा, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात." बिचाऱ्या सुनंदाबाई आपल्या दोघांच्या मध्ये बसून एकाच खोलीतले निरोप एकमेकांना देत होत्या. तुमचं वय काय, मामा?

आता यंत्राबद्दल. तुमच्या हाताने केलेलं काम बघून मी थक्क झाले आणि हे कौतुक नाही. तीन गोष्टी तुम्ही चालत्या यंत्रात तेवढ्यापुरत्या बदलल्या आहेत. कुठेच जतन केलेल्या नाहीत. यंत्र बंद पडलं की त्या गेल्या. म्हणून तर दर आयुधपूजेनंतर ते उठवताना तुमची एवढी मिरवणूक निघते. तुम्ही ते सांभाळत नाही, मामा. दर वर्षी मोडू देता आणि दर वर्षी जोडून टाळ्या घेता.

रागवा. पण आधी हे ऐका. तुमचा गट ओ निगेटिव्ह. डॉक्टरांनी त्याच दिवशी काढलेलं ताजं रक्त मागितलंय. ऑपरेशन ३ ऑक्टोबरला. आयुधपूजा ३० सप्टेंबरला. म्हणजे तुम्ही इस्पितळात पडलेले असताना हे लोक यंत्र बंद करणार, कुंकू लावणार आणि ते पुन्हा उठणार नाही. कारण उठवणारा तिथे नाही. आणि ज्याच्यासाठी दाता शोधायचा, तो तुम्हीच. मामींचं कुंकू पणाला लावून तुमचा हा ताठा मला परवडणार नाही.

फाइल मी अर्धी लिहून ठेवलीय. उरलेली तुम्हीच लिहा, कारण ते यंत्र कसं असायला हवं ते खरंच फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या डोक्यातून कागदावर उतरलं तर तुम्ही संपणार, असं तुम्हाला वाटतं. मला तुमची एवढीच भीती दिसते. ती फार क्षुद्र भीती आहे. तुम्हाला शोभत नाही.

मनस्विनी


यशवंतपूर
२७ सप्टेंबर

मनस्विनी,

लिहिलं. सगळं लिहिलं. यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. दोन्ही वेळा आपणहून उठलं, माझी वाट न बघता. तुझ्यासारखंच निर्लज्ज आहे.

डेटाबेस, काउंटर, प्रती, आत कोणाकोणाला सोडायचं ती नावं, सगळं फाइलमध्ये आहे. मुख्य पासवर्ड सत्यवतीकडे पाकिटात दिला आहे. उद्या भरती होतोय.

क्षुद्र म्हणालीस. सरी, ठीक आहे. बघून ठेवलंय.

ज.


व्हाइटफील्ड
८ ऑक्टोबर

मामा,

मामी म्हणाल्या, आता तुम्ही उठून बसता आणि नर्सला इडली कशी वाफवावी ते शिकवता. म्हणजे बरे आहात. हे पत्र इस्पितळातच पाठवतेय, वाचून चिडायला तुम्हाला भरपूर वेळ आहे.

तुमच्या यंत्राचं सांगते. आयुधपूजेला व्हायचं तेच झालं. गुंडूरावकाकांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं, आणि कुंकू एवढं लावलं की हवा आत जायच्या जाळीत गेलं. दुसऱ्या दिवशी पूजा उतरली, सुनंदाबाईंनी बटण दाबलं आणि काउंटरवर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी नेहमीसारखा गट टाकला, यादी आली. संपलं. कोणी मागे उभं नव्हतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुंडूरावकाकांना तर संध्याकाळपर्यंत यंत्र चालू आहे हेच माहीत नव्हतं. तुम्हाला हे ऐकायला वाईट वाटेल, म्हणूनच सविस्तर लिहिलंय.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुनंदाबाईंनी ओ निगेटिव्ह टाकला. पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही. तिसरा आला, मार्केटमधून, स्वतःच्या स्कूटरवर. व्यंकोजी नाव त्याचं. कांद्याचा अडत्या आहे. त्याच्या मागोमाग त्याचा भाऊही आला.

एवढी वर्षं कांदा-लसणाला शिवला नाहीत. आता अंगात यशवंतपूरच्या कांद्याच्या अडत्याचं रक्त खेळतंय. प्रकृतीची काळजी घ्या आणि या रक्ताने एकादशी-द्वादशी कशी पाळायची ते मठात विचारून ठेवा.

मनस्विनी


यशवंतपूर
२ नोव्हेंबर

मनस्विनी,

या पत्राला आशीर्वाद नाही. मागचे दिलेलेही परत घ्यावेसे वाटतात.

व्यंकोजीला घरी बोलावलं होतं, दिवाळीला. तो काय खातो हा त्याचा प्रश्न, मी काय खातो हा माझा. चांगला माणूस आहे, तुझ्यापेक्षा चांगला. त्यावर तू काही बोलायची गरज नाही. आता मुद्द्यावर येतो.

डॉक्टरांनी स्वल्प चालायला परवानगी दिली. म्हटलं, रक्तपेढीपर्यंत चालावं. सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. एवढ्या दिवसांनी यंत्रासमोर बसलो. माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आत घेतलं नाही.

पुन्हा टाकलं. पुन्हा नाही. सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं नावच नाही म्हणतंय." ज्या यंत्राचा एकेक स्क्रू मी बसवला ते मला विचारतंय, तू कोण? सगळ्यांसमोर! गुंडूराव तिथेच होते. दात काढून म्हणाले, "आता तुम्ही आराम करा, जयतीर्थराव. यंत्र आपलं आपण चालतंय."

घरी येऊन सत्यवतीकडून पाकीट घेतलं, परत रक्तपेढीत गेलो, मुख्य पासवर्डने आत शिरलो आणि माझं नाव हाताने घातलं. दुसऱ्या सकाळी गेलो, नाव गायब. पुन्हा घातलं. पुन्हा गायब. तुझा तो प्रोग्रॅम रोज सकाळी उठतो आणि मला उचलून बाहेर फेकतो. जास्तीचं काढून टाकतो म्हणालीस ना? मी जास्तीचा!

हे तू आणि गुंडूरावांनी मिळून केलं असणार. मी छाती फाडून घेऊन पडलो होतो तेव्हा तुम्ही माझ्या नावावर रेघ मारलीत. काम संपलं, म्हातारा गेला. एवढा कद्रूपणा मला शत्रूकडूनही अपेक्षित नव्हता. शपथ घेतली ती चांगलंच केलं. तोंड बघायची इच्छा नाही.

जयतीर्थ


व्हाइटफील्ड
६ नोव्हेंबर

मामा,

गुंडूरावकाका कट करतील? पेनाचं टोपण उघडायला त्यांना दुसरा माणूस लागतो. फाइल कशी उघडायची तेच त्यांना ठाऊक नाही. आणि मी त्या फाइलला २७ सप्टेंबरनंतर हात लावलेला नाही. त्या दिवशी तुम्ही शेवटची लिहून ठेवलीत, तशीच ती आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी रक्तपेढीत जाऊन ती उघडून पाहिली. आत कोणाला सोडायचं त्या ओळीत सुनंदाबाई आहेत. मी आहे. गुंडूरावकाकासुद्धा आहेत, देवाला ठाऊक कशाला. तुमचं नाव नाही.

यंत्राने तुम्हाला हाकललं नाही, मामा. तुम्हीच त्याला सांगितलंत की या यंत्रात जयतीर्थ नाही. ते बिचारं रोज सकाळी तुमचीच आज्ञा पाळतंय. तुम्ही हाताने नाव घालता आणि ते काढतं, कारण तुमच्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे.

आधी मला वाटलं, विसरलात. मग वाटलं, हा माणूस कुठल्याही कागदावर आधी स्वतःचं नाव लिहितो, सत्यनारायणाच्या वर्गणीतही. हा विसरेल? भरती व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, एकटे जाऊन तुम्ही ते लिहीत बसलात आणि सगळ्यांची पानं मांडलीत. स्वतःचं मांडलं नाहीत. का?

मामींना हे माहीत आहे का? की घरीही असंच काही आवरून ठेवून गेला होतात, कपाटाच्या किल्ल्या, विम्याचे कागद, आणि त्यांना वाटलं नवरा कधी नव्हे तो टापटीप झालाय?

मी फार चिडले आहे. तुम्हाला क्षुद्र म्हणाले ते पत्र तुम्ही वाचलंत आणि त्यावर हे केलंत. मला एक शब्द सांगितला नाहीत. मी इथे बसून तुमच्यावर टोमणे रचत होते आणि तुम्ही तिथे स्वतःला पुसून टाकत होतात.

तुमचं नाव मी दोन मिनिटांत घालू शकते. घालणार नाही. तुम्ही काढलंत, तुम्ही घाला. तेही यंत्रात नाही, फाइलमध्ये. यंत्रात घातलेलं टिकत नाही, हे एव्हाना तुमच्यासारख्या हट्टी माणसालाही कळलं असेल.

मनस्विनी


यशवंतपूर
११ नोव्हेंबर

चि. मनस्विनीस आशीर्वाद. या वेळी मोजूनमापून नाही.

घाबरलो होतो. झालं समाधान? एवढी दीडशहाणी आहेस, तुला हे पत्र पाठवून विचारावं लागलं.

परत येईन असं वाटलं नव्हतं. डॉक्टर हसून बोलत होता आणि हसून बोलणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास नाही. त्या रविवारी नावं लिहीत होतो. सुनंदाबाई लिहिलं, तुझं नाव लिहिलं, गुंडूराव लिहिलं, कारण न लिहावं तर तो रडत बसला असता. मग माझ्या नावाशी आलो आणि बोट थांबलं. वाटलं, यंत्र कसं असायला हवं ते लिहायचंय ना? मग खरं लिहावं. माणूस नसेल आणि नाव राहील. सुनंदाबाई रोज सकाळी ते पडद्यावर बघतील आणि पदर डोळ्याला लावतील. ते नको वाटलं. तू म्हणालीस, कागदावर उतरलं की मी संपणार अशी मला भीती आहे. तीच होती. मग म्हटलं, संपायचंच आहे तर नीट संपावं. लोकांना पुसापुसी करायला लागू नये.

आणि हो, किल्ल्या आणि कागद सत्यवतीला दाखवून ठेवले होते. तिला तेव्हाच कळलं होतं म्हणे. तुझ्या-माझ्यासारखी ती पत्रं लिहीत नाही. रात्रभर नुसती माझा हात धरून बसली होती.

काल जाऊन फाइल उघडली. शेवटच्या ओळीत, सगळ्यांच्या खाली, लिहिलं. गुंडूरावांच्याही खाली. आपल्याकडे वाढणारा मागूनच बसतो. पण बसतो. हे मी विसरलो होतो.

यंत्राला काही सांगितलं नाही, हाताने काही केलं नाही. घरी येऊन झोपलो. आज सकाळी गेलो, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आत घेतलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनंदाबाईंनी कॉफी आणून ठेवली, नेहमीसारखी. यंत्राशी काही काम नव्हतं, ते आपलं चालूच होतं. तरी बराच वेळ बसलो.

तुझी पद्धत मला अजूनही आवडत नाही. माणसाचा हात लागू देत नाही ती कसली पद्धत! पण चालते, हे कबूल करतो, कारण मी जिवंत आहे आणि त्याला ती थोडीफार जबाबदार आहे. जास्त जबाबदार व्यंकोजी आहे.

या रविवारी जेवायला ये. व्यंकोजीही येतोय. सत्यवती पानं मांडेल, तुझं माझ्या शेजारी. शपथेची काळजी करू नकोस. जेवताना आपल्याकडे कोणी बोलत नाहीच.

पान उचलल्यावर बघू.

तुझा
जयतीर्थमामा